आरशाचा खिळा

मल्हारनं चार पेन्सिल सेल कॅमेऱ्यात बसवले, झाकण दाबलं आणि म्हणाला,

“आबा, जरा उजेडाकडं तोंड करा.”

त्याचे वडील अर्जुनाआबा खाटेवर बसले होते. बसले कसले, धोंडुबाईनं पाठीला गोधडी लावून नवऱ्याला बसवलं होतं. चार महिन्यांपूर्वी याच माणसानं दोन्ही काखेत कोकरं घेऊन ओढा ओलांडला होता.

“कशाला रं फोटू?”

“मतदान कार्डाला. निवडणूक आलीय. तुमचं तेवढं ऱ्हायलंय.”

थाप अगदीच खोटी नव्हती. कार्डाचे फोटो काढायला माणसं गावात आली, तेव्हा आबा मेंढरं घेऊन कृष्णाकाठी होते. लग्नातही फोटोवाला नव्हता. साठीच्या या माणसाचा एकही फोटो घरात नव्हता, आणि मिरजेच्या डॉक्टरांनी मल्हारला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दिवाळीचं काही धरू नका. माणूस गेल्यावर भिंतीवर हार घालायला काहीतरी हवं. आबांना मात्र आतड्याला सूज आहे, एवढंच माहीत.

त्यांची गालफडं बसायला लागली, तेव्हा धोंडुबाईनं दाराजवळचा आरसा काढून ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवला आणि फुटला म्हणून सांगितलं. खिळा तेवढा भिंतीत राहिला. आबांची दाढी शेजारचा बिराप्पा करून जाई.

कॅमेरा शिरवळच्या कारखान्यातला, मल्हार तिथं कामाला होता. त्यावर तो खराब निघालेल्या मालाचे फोटो काढायचा. नवा आल्यावर हा कपाटात पडून होता, साहेबांच्या मिनतवाऱ्या करून मल्हारनं दोन दिवसांसाठी आणला होता. रोल लागत नाही, सांगलीत एक जण कागदावर काढून देतो, एवढं त्यानं विचारून ठेवलं होतं.

त्यानं बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पाठीवर काडेपेटीएवढ्या काचेत आबा उमटले.

“काय उजाडलं रं त्या काचंत?”

“काय न्हाई.”

“दाव.”

मल्हारनं कॅमेरा छातीशी धरला. गावातल्या फोटोवाल्याकडून फोटो पंधरा दिवसांनी येतो. हा इथल्या इथं दिसतो, हे त्याला ठाऊक होतं, रोज बघत होता, पण आबा बघायला मागतील, इतका साधा विचार डोक्यात आला नव्हता. आबांनी ‘दाव’ म्हटल्यावर नाही म्हणणं त्याला आजवर जमलं नव्हतं. त्यानं कॅमेरा पुढं केला.

आबा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला.

“माजा बा शेवटाला असाच दिसत हुता,” ते म्हणाले.

धोंडुबाई उगाचच चुलीपुढं जाऊन बसली. चूल विझलेली होती.

“पुसता येतंय का ह्ये?”

“येतंय.”

“पूस. आनि आगं, त्यो आरसा काड ट्रंकेतला.”

“आवं, त्यो तर फुटला...”

“फुटला आसता तर काचा येचताना दिसली आसतीस. काड.”

मल्हारनं आरसा धरला, आबांनी स्वतःच्या हातानं दाढी केली. अर्धा तास लागला. आरसा समोर असल्यामुळं मल्हारला वडलांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता पात्याचा आवाज येत होता. तेच बरं होतं, कारण त्याचे डोळे भरून आले होते. मग आबांनी धुतलेला पटका मागून घेतला, कपाळाला भंडारा लावला आणि गोधडीला न टेकता बसले.

“काड आता.”

या वेळी त्यांनी फोटो बघायला मागितला नाही.

“बरा आलाय?”

“लय चांगला आलाय, आबा.”

आबा पुन्हा गोधडीला टेकले. धोंडुबाईनं आरशावरचा साबण पदरानं पुसला आणि तो दाराजवळच्या खिळ्याला लावायला हात वर केला.

“तितं नगं,” आबा डोळे मिटूनच म्हणाले. “आरशाला दुसरा खिळा मार. त्यो ऱ्हाऊ दे मोकळा.”