घाटाखाली अडलेला ट्रक

रस्त्यात गाडी अडली की दहा शहाणे जमतात आणि दहा उपाय सांगतात. त्या दिवशी एकही नव्हता. सगळं शहाणपण माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मोताळ्याहून कापूस भरून निघत होतो, तेवढ्यात झुंबरबाईच्या इंद्रभानला आणलं. बैलानं पोटात शिंग घातलं होतं. त्याला कापसाच्या बोऱ्यांवर निजवलं, त्याचे मामा महादेवराव जवळ बसले, झुंबरबाई माझ्या शेजारी केबिनमध्ये. बुलढाण्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचलो तरच पोरगा वाचणार होता.

राजूर घाटाआधी रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, हा आम्हा ड्रायव्हरांचा नेम. स्टॉपर ओढून इंजिन बंद केलं, विहिरीवरून डबा आणून ओतला. स्टॉपर ढकलून सेल्फ मारला. इंजिन घुर्रघुर्र फिरलं, पण धरेना.

"काय झालं, बाबू?" झुंबरबाईनं विचारलं.

"काही नाही, माय. हवा धरली असन."

टाकीत डिझेल होतं. पंपाचा स्क्रू सैल करून हातपंप मारला, तर बुडबुडा नाही, स्वच्छ धार. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. वरून इंद्रभान पाणी मागत होता. मी इंजिनाला आयमायवरून शिव्या घातल्या.

"पंजाबराव, लवकर करा हो," महादेवराव ओरडले, "पोरगं थंड पडून राह्यलं!"

त्यांनाच सेल्फ मारायला खाली बोलावलं, तशी झुंबरबाई वर लेकाजवळ गेली. मी नोझलचे पाइप सोडून पाहिले. एक थेंब नाही. म्हणजे पंपात डिझेल येत होतं, पुढे जात नव्हतं. स्टॉपरची तार पंपाच्या ज्या दांड्याला ओढते तो चाचपला, तर तो बंदवरच अडकलेला.

केबिनमध्ये धावलो. स्टॉपरच्या मुठीमागे लाल फडकं घट्ट बांधलेलं, आत मरीआईचा अंगारा. मी पाण्याला गेलो तेव्हा झुंबरबाईनं बाहेर आलेली मूठ बघून गाडीला राखण म्हणून बांधला होता. त्या गाठीमुळे मूठ पुरती आत जातच नव्हती, आणि मी न बघता ढकलत होतो. फडकं ओरबाडून काढलं, पाइप आवळले. बॅटरी अर्धी मेली होती, तरी इंजिनानं धरलं.

तेवढ्यात वरून हंबरडा आला.

झुंबरबाई उतरली ती थेट केबिनपाशी आली. "माहा अंगारा कुठी गेला?"

फडकं माझ्या हातातच होतं.

"तू सोडला? काऊन सोडला रे? देवीची राखण सोडली म्हणून तं गेलं माहं लेकरू!"

महादेवरावांना सगळं कळलं होतं. त्यांनी मान खाली घातली. मला असा संताप आला होता की खरं काय ते तिच्या तोंडावर फेकावं.

"हाव, माय," मी म्हणालो. "म्याच सोडला."