जाऊन येण्यापुरते पेट्रोल

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे. वर दोन आणि खाली दोन असे मला चार पंख आहेत आणि ते कापडाचे आहेत. भित्रेपणा माझ्या जातीत नाही. तो मला नोकरीत लागला. मी आल्बेनियाच्या हवाई दलात होतो.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. पेट्यांत भरून, बोटीतून मी दुर्रेसच्या बंदरात उतरलो आणि तिथे मला पुन्हा जोडण्यात आले. माझ्या आधी हवाई दलाकडे रशियाने दिलेली विमाने होती. मग आमचे रशियाशी बिनसले आणि त्यांचे सुटे भाग यायचे बंद झाले. मग चीनशी गट्टी जमली. त्या गट्टीतला मी आहेर. काही वर्षांनी चीनशीही बिनसले आणि माझेही सुटे भाग यायचे बंद झाले. देश चिमुकला होता, पण रुसायची वेळ आली की समोरचा केवढा आहे हे तो कधी पाहत नसे.

माझे चुलत भाऊ, म्हणजे लढाऊ जेट विमाने, डोंगराच्या पोटात खणलेल्या बोगद्यात राहत. ती इतकी मोलाची होती की त्यांना उडवायला कोणी धजत नसे. एकाचे चाक काढून दुसऱ्याला लावत, दुसऱ्याची नळी तिसऱ्याला. संचलनाच्या दिवशी जे उडे त्याच्यात सगळ्या भावांचे थोडे थोडे असे. मी मात्र बाहेर गवतावर उभा असे. आभाळात खरी ये-जा माझीच होती. ऑलिव्हवर औषध फवारायचे, डोंगरातल्या गावांना टपाल टाकायचे, अडलेल्या रोग्यांना श्कोद्रच्या इस्पितळात आणायचे. मी एवढा सावकाश उडे की करकोचे मला मागे टाकून जात. पण लोक माझ्याकडे बघून हात हलवत. जेटकडे बघून कोणी हात हलवत नसे.

आता भीतीचे सांगतो. आमच्या वरिष्ठांना शत्रूच्या विमानांची जेवढी भीती वाटे, त्याहून जास्त आमच्याच विमानांची वाटे. सीमा जवळ होत्या. वैमानिक उडाला आणि परत आलाच नाही तर? म्हणून नियम झाला की टाकीत पेट्रोल घालायचे ते जाऊन येण्यापुरते. वर एक पेलाभरही नाही. वाऱ्याचा, धुक्याचा हिशेब त्यात नव्हता, कारण वाऱ्याला आणि धुक्याला पळून जायचे नसते. दुसरा नियम असा की वैमानिकाच्या मागे एक पक्षाचा माणूस बसेल. प्रत्येक डोंगर ओलांडला की तो रेडिओवर स्वतःच्या आवाजात सांगेल, ‘सगळं ठीक आहे.’ विमान पळाले तर जाब त्याला, आणि जाब म्हणजे गोळी.

माझा वैमानिक हुस्नी. मितभाषी, सडसडीत. त्याला ना बायको, ना मूल, आईही वारलेली. म्हणजे मागे ओढणारे कोणी नाही, म्हणून त्याच्यावर संशय सगळ्यात जास्त. त्याच्या मागे बसणारा पक्षाचा माणूस प्रेंग. प्रेंग देहाने अगडबंब होता. तो चढला की माझी शेपटी खाली बसे आणि हुस्नी न वळता म्हणे, “आले वाटतं कॉम्रेड.” प्रेंग मूळचा डोंगरातला, पण सभांमध्ये डोंगरातल्या जुन्या रीतींवर तुटून पडे. विशेषतः ‘बेसा’वर. बेसा म्हणजे दिलेला शब्द. ज्याने तो मोडला त्याला गाव अपमान म्हणून कॉफी गुडघ्याखालून पुढे सरकवत असे, आणि असा माणूस मग फार दिवस गावात राहत नसे. प्रेंग सांगे की आता पक्ष आहे, बेसाची गरज उरलेली नाही.

त्या हिवाळ्यात लूगा नावाच्या गावातून निरोप आला. दिला नावाची बाई अडली होती, पहिलटकरीण. बर्फाने रस्ता बंद. आम्ही निघालो. टाकी नियमाप्रमाणे भरलेली होती. लूग्यावर पोचलो तर खाली दुधासारखे धुके. हुस्नी घिरट्या घालत राहिला आणि मी पेट्रोल पीत राहिलो. जाऊन येण्यापुरत्यातले येण्यापुरते आम्ही तिथेच वर संपवायला घेतले होते.

धुके फाटले तेव्हा खाली कुरण दिसले. गावकऱ्यांनी मेंढ्यांचे कळप त्यावरून पुन्हा पुन्हा हाकून बर्फ तुडवून घट्ट केले होते. मी उतरलो. दिलाला घोंगड्यात गुंडाळून आत निजवले. तिची सासू मरिका बरोबर चढली, कारण नर्स नव्हती आणि बाळंतपणे करायची सवय फक्त तिला होती.

तेव्हा हुस्नीने कुरणाच्या टोकाकडे पाहिले. टोकाला दरी होती. तो म्हणाला, एवढ्या वजनाने आपण उठणार नाही. एक जण उतरला पाहिजे.

सगळ्यांनी प्रेंगकडे पाहिले. कुरणही त्याच्याकडेच पाहत होते म्हटले तरी चालेल.

“मी उतरलो आणि तू पलीकडे गेलास, तर मला इथेच भिंतीशी उभं करतील,” प्रेंग म्हणाला. “ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

मरिकाला राग आवरेना. “अरे, बटाट्याचं पोतं असतास तर एव्हाना ढकलून दिलं असतं तुला. सून जातेय माझी.”

प्रेंगने कण्हणाऱ्या दिलाकडे पाहिले. मग ज्या शब्दावर त्याने सभा गाजवल्या होत्या, तो शब्द त्याने हळूच, जणू कोणी ऐकू नये अशा आवाजात उच्चारला. “बेसा देतोस?”

हुस्नीने छातीवर हात ठेवला. “बेसा दिला.”

प्रेंग उतरला. माझी शेपटी एकदम हलकी झाली आणि मला अजिबात बरे वाटले नाही. मरिकाने दारातून नवऱ्याला ओरडून सांगितले की हा आपला पाहुणा, याला चुलीशी बसव, मेंढरू काप. गाव त्याला घेऊन गेले.

मी दरीच्या काठावर कसाबसा उचललो गेलो. पहिला डोंगर ओलांडला. रेडिओ म्हणाला, कॉम्रेड प्रेंग, बोला. हुस्नीने खरे ते सांगितले. रेडिओ गप्प झाला. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळत होता. आता खाली कुठेतरी तोफांवरची ताडपत्री काढत असणार. माझ्या पंखांमधल्या तारा वाऱ्याने वाजतात, पण त्या दिवशी त्या भीतीने वाजत होत्या. पेट्रोलचा काटा तळाला टेकू लागला होता.

उजवीकडे, सीमेच्या पलीकडे, सपाटीवर एक शहर चमकत होते. त्याला धावपट्टी होती.

“ते काय रे?” मरिकाने विचारले.

“परदेश.”

“दवाखाना असेल तिथे?”

“असेल.”

“आणि आपलं इस्पितळ?”

“दूर आहे. पेट्रोल पुरेल असं मला वाटत नाही.” हुस्नीने काट्याकडे पाहिले. “आजी, शब्द मी दिलाय. पण जीव तुमच्या सुनेचा आहे. तुम्ही सांगाल तिकडे वळवतो.”

दिला कण्हत होती. मरिकाने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. मित्रांनो, मी खूप वादळे पाहिली, पण तो क्षण मला अजून आठवतो. एक पंख सुनेकडे, एक पंख दिलेल्या शब्दाकडे, आणि मधे मी.

“तो माझ्या चुलीशी बसलाय,” मरिका शेवटी म्हणाली. “घरी पाहुणा बसवून वरून त्याला मारायचं? सरळ चल. दिला, दम धर पोरी. मोठ्या घरची आहेस तू.”

हुस्नी सरळ गेला. शहर मागे पडले. श्कोद्रचे मैदान दिसू लागले आणि माझे इंजिन खोकले, परत खोकले, आणि थांबले. पंखा ताठ उभा राहिला. इतका वेळ त्याच्या आवाजात दडलेली माझी भीती आता सगळ्यांना ऐकू आली. पण चार कापडी पंखांचा एक गुण आहे. मी दगडासारखा पडत नाही, मोठ्या छत्रीसारखा उतरतो. विमानतळाच्या अलीकडे, कापणी झालेल्या मक्याच्या शेतात मी टेकलो.

शिपाई बंदुका रोखून धावत आले. मरिकाने दार उघडले आणि त्यांना सांगितले की बंदुका खाली ठेवा आणि हिला धरा. त्यांनी धरले. दिला वाचली. तिला मुलगी झाली.

नंतर चौकशी समिती आली. समितीने असा निष्कर्ष काढला की विमान देशाच्या हद्दीतच उतरले, त्या अर्थी पेट्रोल पुरेसे होते, तेव्हा यापुढे ते किंचित कमी केले तरी चालेल. हुस्नीचा व्यासपीठावर सत्कार झाला आणि त्याला पुन्हा उडू दिले नाही. ज्याच्या नुसत्या शब्दावर माणसे जीव टांगतात, असा माणूस हवेत बरा नव्हे. प्रेंगवर आरोप होता की त्याने विश्वास ठेवला. रस्ता उघडताच त्याला लूग्यातून नेऊन तांब्याच्या खाणीत धाडले.

वसंतात मरिका डोंगर उतरून आमच्या फाटकाशी आली. पहारेकऱ्याला म्हणाली, “माझा पाहुणा कुठे आहे? भरल्या ताटावरून उठवून नेलात त्याला. जेवण राहिलंय त्याचं.” पहारेकऱ्याने तिला हाकलले. पुढच्या वसंतात ती परत आली, आणि त्याच्या पुढच्याही.

राज्य बदलले, खाणींची दारे उघडली. हुस्नी एकदा मला भेटायला आला, तेव्हा माझ्या चाकाला टेकून त्याने बाकीचे सांगितले. प्रेंग सुटला तो आधी लूग्याला गेला. तो इतका वाळला होता की दारात त्याला कोणी ओळखले नाही. मरिका तोवर वारली होती. पण चुलीशेजारच्या एका बैठकीवर तिने कोणाला बसू दिले नव्हते. दिलाने मेंढरू कापले, मुलीने पाणी दिले. प्रेंग जेवला आणि मग हुंदके देत रडला.

मी आता श्कोद्रच्या रस्त्यावरच्या एका खानावळीबाहेर उभा आहे. माझ्या शेपटीवर सोडावॉटरची जाहिरात आहे. जेट भावांचे भंगार झाले. मुले माझ्या कापडात बोटे घालून भोके पाडतात, तेवढे करू नका. पाऊस आत येतो.

आणि एक मागणे आहे. तुमच्या हाताखालून कधी कोणी उडायला निघाले, तर त्याची टाकी संशयाच्या मापाने भरू नका. थोडे जास्त घाला. जाणारा त्याने जाईलही. पण परत येणारा निदान इंजिन चालू ठेवून येईल.