पापुद्रा

तिने लाकूड घासायचा सँडर टेबलावर टेकवून सुरू केला, आणि दोन हात फिरतात न फिरतात तोच दारातून आवाज आला, "दाबतेस."

सासरे उंबऱ्याशी उभे होते. दोन वर्षांपूर्वी दृष्टी गेल्यापासून त्यांनी या वर्कशॉपात पाऊल टाकलं नव्हतं. दिवसभर बाहेरच्या खुर्चीत बसायचे. तिने बटण बंद केलं, चकती पुरती थांबू दिली, मगच यंत्र उचललं.

"बाहेरून कसं कळलं, बाबा?"

"आवाज घोगरा झाला त्याचा. यंत्राच्या मानगुटीवर बसू नये. त्याचं वजन त्याला पुरतं, आपण नुसतं फिरवायचं. सावकाश."

नवरा जिना बसवायला परगावी गेला होता आणि टेबल उद्या सकाळी द्यायचं होतं. डॉक्टरीणबाईंच्या आईचं टेबल. मधोमध तापल्या भांड्याचा काळा डाग. वरचं देखणं लाकूड म्हणजे नखाएवढ्या जाडीचा पापुद्रा. तो घासून गेला की खालची भुसकट फळी उघडी पडणार, मग ब्रह्मदेवाच्या बापालाही ते टेबल नीट करता येणार नाही.

"मलाही एक मास्क दे," ते चाचपडत आत आले. "आणि ओढणी कुठंय?"

"कमरेला खोचलीय."

"काढून ठेव. यंत्राला कंबर आणि गळा यातला फरक कळत नाही."

ती हसली आणि ओढणी खुंटीला अडकवून आली. पुन्हा बटण दाबलं तेव्हा हात सैल सोडला. आवाज बारीक झाला, एकसारखा. काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं मधासारखं, आणि त्यातून लाकडाच्या रेषा वर येऊ लागल्या, एकीला लागून एक, शेकडो. इतकी वर्षं त्या रेषा डागाखाली होत्या. ती बघतच राहिली.

"थांब."

तिने यंत्र बंद करून प्लग काढला. सासऱ्यांनी फडक्याने भुसा पुसला आणि तळहात टेबलावर ठेवला. हात इतका हळू सरकत होता की सरकतोय हे काही वेळाने कळे. डागापासून दूर, कडेला येऊन तो थांबला.

"इथे संपत आलंय. पुढे जाऊ नकोस."

तिने वाकून कडेकडून पाहिलं. पापुद्रा कागदाएवढा उरला होता.

"डाग जरासा राहिलाय पण."

"राहू दे. तिला आईचं टेबल हवंय, आरसा नकोय."

तिने यंत्राला बारीक दाण्याचा घासकागद लावला, प्लग जोडला आणि कडेला न जाता ते हलकेच दोनदा फिरवलं. सासऱ्यांनी पुन्हा हात फिरवून मान डोलावली. झालं होतं. तरी तिने डोळे मिटले आणि स्वतःचा तळहात लाकडावर ठेवला. आधी काहीच कळेना. मग टेबल मोठं होत गेलं. कुठे उबदार, कुठे गार, कुठे नुसता भास. आणि एका जागी, केसाएवढं काहीतरी अडलं.

"बाबा, इथे ओरखडा राहिलाय."

"छे. आत्ताच तिथून गेलो मी."

तिने त्यांची बोटं धरून तिथे नेली. ते शोधत राहिले. उजव्या हाताने, मग डाव्या. तिने दिवा खाली धरला. तिरप्या उजेडात ओरखडा अर्ध्या चंद्रासारखा चमकला.

"मला लागत नाही गं," ते अखेर म्हणाले. लांबून कुणी हाक मारावी आणि कान द्यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. "पण तू म्हणतेस म्हणजे असणार."

त्यांनी हात उचलला, मास्क नाकावर सारखा केला.

"बरं, घास तू," ते म्हणाले, "मी कुठे उभा राहू?"