आठ तुकडे बर्फ

लहानूने खोक्याचं झाकण उचललं आणि तो आत बघतच राहिला. सकाळी स्वतः मोजून टाकलेल्या बर्फाच्या आठ तुकड्यांपैकी स्टीलच्या डब्यात एकही नव्हता. तळाशी नुसती ओल होती.

दुर्गच्या दवाखान्यातल्या बाकावर शेजारी त्याची बायको शकुबाई बसली होती. डायलिसिस नुकतंच आटोपलं होतं आणि ती हातावरचा कापूस दाबून धरत होती.

"बरफ कोठी गेला वो?"

"पानी झालं त्याचं. म्या पेऊन घेतलं. वाया कावून घालू?"

"शुक्रवारी बी पानीच झालतं."

"मंग ऊन का कमी हाय बापा!"

ऊन कमी नव्हतंच, मे महिन्याचं होतं. तरी लहानूला उत्तर पटेना. प्लांटमध्ये वितळलेलं पोलाद ज्या अजस्र बादलीतून नेतात, त्या लॅडलला आतून विटांचं अस्तर लावण्यात त्याची तेहतीस वर्षं गेली होती. उष्णता कोणत्या फटीतून निसटते हे त्याला वासावरून कळे, असं त्याचे सोबती म्हणत. अशा माणसाला मूठभर बर्फ चार तास सांभाळता येऊ नये, म्हणजे शोभाच झाली.

आणि हा बर्फ काही हौसेचा नव्हता. शकुबाईच्या किडन्या थकल्यापासून तिला दिवसाला पाऊण लिटर पाण्याची परवानगी होती. होळीच्या दुपारी तिला राहवलं नाही. तिने माठापाशी बसून तांब्यामागून तांब्या रिचवला, फुप्फुसांत पाणी भरलं, दोन दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले. तेव्हापासून हुडको वसाहतीतल्या त्यांच्या घरात पाणी लहानूच्या हातूनच मिळे. दवाखान्यातल्या खुशबू सिस्टरने तोडगा सुचवला होता, "अंकल, बर्फ दीजिए. उतने ही पानी में मुँह देर तक गीला रहेगा." मशीनवरून उतरल्यावर तहान सगळ्यात जास्त छळायची. म्हणून दुपारी चारपर्यंत बर्फ टिकायला हवा होता.

लहानूने मग प्लास्टिकच्या खोक्याचा ध्यास घेतला. खोकं आदल्या संध्याकाळीच आतून गार करून ठेवायचं. जागा रिकामी ठेवायची नाही, जुन्या चादरीच्या घड्या कोंबायच्या. मिठाच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून दोन खाली, दोन वर, मध्ये बर्फाचा डबा. मिठाची युक्ती त्याने बोरसीच्या एका कुल्फीवाल्याकडून चार वेळा कुल्फी खाऊन काढून घेतली होती. तीन आठवडे बर्फ जसाच्या तसा टिकला. परतताना ऑटोत शकुबाई तुकडा तोंडात धरायची आणि लहानू पुन्हा पुन्हा विचारायचा, "कसं वाटून राह्यलं?" ती म्हणायची, "बेस हाय."

आणि आता लागोपाठ दोनदा पाणी.

त्याने बाकावरच खोकं रिकामं केलं. झाकणाची रबरी पट्टी चाचपली, ती शाबूत होती. मग एक बाटली हातात घेतली आणि तो थबकला. बाटली दगडासारखी टणक होती. दुसरीही, तिसरीही. चारी बाटल्या गोठलेल्या आणि त्यांच्या मधोमध ठेवलेला बर्फ तेवढा पाणी? आच बाहेरून आत आली असती तर आधी वाटेतल्या बाटल्या सुटल्या असत्या. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्याने शकुबाईकडे जरा निरखून पाहिलं. ती रस्त्यावरच्या ऑटो मोजत होती.

शुक्रवारी अडीच वाजता तो बाकावरून उठला आणि डायलिसिसच्या खोलीच्या दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिला. शकुबाईची खाट खिडकीजवळ होती. खोकं खाटेखाली होतं, झाकण घट्ट लावलेलं. डबा मात्र खिडकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात. मशीनला जोडलेला हात तिने जागचा हलू दिला नव्हता. मोकळ्या हाताने ती डबा थोडा थोडा फिरवत होती, भाकरीला सगळीकडून आच लागावी तसा. मधूनच मान उंचावून आत डोकावत होती.

लहानूला होळी आठवली. सिस्टरने पाच मिनिटांची परवानगी दिली आणि तो खाटेपाशी गेला.

"होळीले का झालतं, इसरली तू?"

शकुबाई दचकली, पण तिने डब्यावरचा हात काढला नाही.

"नाई इसरली. पन हे नापलेलं हाय. तुमीच नापलं. आठ तुकडे चघळा नाई तं प्या, पानी तेवढंच."

हिशेब बिनचूक होता. लहानूला त्यात खोट काढता येईना.

"मंग चघळत कावून नाई? तोंड ओलं राह्यते ना."

"तोंडच ओलं राह्यते," ती म्हणाली. "गळ्याखाली घोट उतरत नाई. गोळी घ्याले बी तुमी दोन चमचे देता. होळीपासून माह्या गळ्यानं गट्ट असा आवाज केला तो या दोन खेपेलेच."

"मले सांगतलं कावून नाई मंग?"

"तुमी खोक्यात रमले व्हते. रिटायर झाल्यावर पयल्यांदा शीळ वाजवून राह्यले व्हते. कोन्या तोंडानं सांगू, का बरफ नोको म्हनून?"

लहानूला फार वाईट वाटलं. बर्फ कसा टिकवावा हे त्याने कुल्फीवाल्याला विचारलं होतं, फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला विचारलं होतं, जामुलच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन तिथल्या मुकादमालाही विचारलं होतं. तो टिकावा की नाही, हे शकुबाईला विचारायचं राहून गेलं होतं.

त्याने हात लांब केला आणि डबा उन्हात अर्धा फिरवला.

"तुले पानी कितीक वाजता पायजे?"

तो चिडला आहे की काय, हे तिने आधी नीट पाहून घेतलं.

"सव्वातीनले. सुई निंगते तवा."

"मंग मंगळवारी वरच्या बाटल्या टाकत नाई. उन्हाचं कामच नाई. सव्वातीनले बराबर पानी होईन, अन् थंडगार."

"समदंच पानी नोका करू," शकुबाई घाईने म्हणाली. "एक तुकडा राहू द्या."

"त्याचं का करतं?"

"पेल्यात वाजला पायजे."