दोन भावांचा कौल

बर्फात जायचं, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते गुलमर्ग की औली याचं.

सहदेव आणि सुगंधाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. सहदेवच्या धाकट्या भावाने, मुलुंडच्या राजेशने, गुलमर्गची टूर शोधून ठेवली होती. दोघे भाऊ, दोघांच्या बायका. केबल कारमधून वर जायचं, भाड्याचे कोट घालायचे, फोटो काढायचे, गरम भजी खायची आणि परत. पायाला स्की बांधून तासभर उभं राहायचीही सोय होती, तीसुद्धा फोटोपुरतीच.

सुगंधाला फोटो नको होता. तिला स्की शिकायचं होतं.

हे ऐकून सहदेवच्या कांजूरमार्गच्या दोन खोल्यांत जी हसाहस झाली, ती तिच्या डोक्यात फिट्ट बसली होती. वास्तविक हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. लग्नाआधी ही बाई मंडळाच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळायची. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा एकदा हातात आला की ती पोर परत जात नसे. मग लग्न झालं. सासू म्हणाली, मातीत लोळणारी सून आमच्यात चालत नाही. चालत नाही म्हणजे चालत नाही. भांड्यांत, बाळंतपणात, साकीनाक्याच्या पॅकिंग खात्यात उभं राहण्यात तेच पाय वापरले गेले. तिथे ते चालले. त्याला कुणी कधी हसलं नाही.

औलीला सात दिवसांचा शिकण्याचा कोर्स होता. सुगंधाने स्वतः फोन लावला. तिकडच्या माणसाने वय विचारलंच नाही. गुडघे कसे आहेत, एवढंच विचारलं. गेल्या कित्येक वर्षांत तिला कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता.

राजेशने समजूत घालून पाहिली. शिकायचं तर गुलमर्गलाही शिकवतात, असं म्हणाला. ती म्हणाली, शिकवतात ना, पण तुमच्या टूरमध्ये मी शिकत बसले तर तुमच्या पर्सा आणि थर्मास कोण धरणार? राजेशची बायको श्वेता सोफ्यावरून म्हणाली, "वयनी, ह्या वयात हाडं मोडून घेतलीस तर भाकऱ्या कोण थापणार? दादा?" पुन्हा हशा. सहदेवही हसला. माणूस वाईट नव्हता, पण भावासमोर बायकोची बाजू घ्यायची सवय त्याला कुणी लावलीच नव्हती.

शेवटी राजेशनेच तोडगा काढला. देवाला विचारू. घरातलं लग्न असो, जमीन असो, दुकान असो, त्यांच्यात गावच्या देवाचा कौल घेतल्याशिवाय पान हलत नसे. एकदा कौल पडला की त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही, ही रीत. सुगंधाला ती रीत मान्य होती का, हे अर्थातच कुणी विचारलं नाही. तरी ती म्हणाली, विचारा.

रविवारी सकाळी गावाहून चुलतभावाने देवळातून व्हिडिओ कॉल लावला. गुरवाने पाषाणाला दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मग त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां सहदेव आणि राजेश, दोघे भाव, लांब बर्फाच्या गावाक गुलमर्गाक जातत. ता तुझ्या मर्जीत आसात, तर उजवो कौल दी. तेंची राखण कर, तेंका सुखान घराक हाड."

"व्हय म्हाराजा," इकडे दोघे भाऊ म्हणाले.

सुगंधा कान देऊन ऐकत होती.

थोड्या वेळाने उजवी कळी पडली. राजेशने टाळी वाजवली, सहदेवने मोबाइलला हात जोडले. गुलमर्ग. संपला विषय.

"झकास," सुगंधा म्हणाली. "तुम्ही दोघं जा. मी औलीला चालले."

राजेशचा चेहरा पडला. देवाचा शब्द मोडतेस? असं त्याने दरडावूनच विचारलं.

"मोडते कुठे? देवाला काय विचारलं, ते तू ऐकलंस ना? सहदेव आणि राजेश जातात. देव म्हणाला, जाऊ देत. माझं नाव त्यात कुठे होतं?"

बायका नवऱ्याच्या नावात येतातच, राजेश म्हणाला. वेगळं नाव घ्यायची पद्धत नाही.

"तेच म्हणते मी. पंचवीस वर्षं ह्या घराची गाऱ्हाणी ऐकतेय. प्रत्येकात तुमचं नाव, तुमच्या बापाचं नाव. मी जगले काय, मेले काय, देवाला पत्ता नाही. तेव्हा कुणाला खटकलं नाही ना? मग आजही खटकून घेऊ नका."

राजेशने पुन्हा गावाला फोन लावला. म्हणाला, गुरवाला सांग, वयनींचं नाव घालून परत विचार. गुरव पलीकडून चिडला. एका गोष्टीचो कौल दोनदा लावणत नाय, देव म्हणजे काय तुमचो नोकर? आणि त्याने फोन ठेवायला लावला.

सहदेवने खालच्या आवाजात विचारलं, मी तुझ्याबरोबर औलीला आलो तर?

"तुला गुलमर्गचा कौल आहे. तो मोडायची तुझी छाती आहे का?"

तिने थोडा वेळ वाट पाहिली. पंचवीस वर्षांचा संसार होता, तेवढी वाट बघणं भाग होतं. त्याने भावाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. तिने मोबाइल उचलून औलीचा नंबर काढला.

"वयनी," सोफ्यावरून श्वेता म्हणाली. आता ती हसत नव्हती. "माझं पण नाव नव्हतं ना गं त्यात?"

"श्वेता, तू मध्ये पडू नकोस," राजेश म्हणाला.

"मी वयनीशी बोलतेय."

सुगंधाने तिच्याकडे पायापासून वर पाहिलं, नवीन पोरीला संघात घेताना पाहावं तसं.

"पडायला लागेल. शंभरदा पडशील. सगळे बघतील."

"पडेन."

"गुडघे?"

"जिना चढताना थोडे वाजतात."

"उद्यापासून लिफ्ट बंद," सुगंधा म्हणाली आणि फोन कानाला लावला. "हॅलो? हां, कोर्ससाठी बोलतेय. एक नाही, दोन नावं लिहा."