कोजागिरीची पावलं

कोजागिरीच्या दुपारी रुखमिणीची सून मिनती भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटत बसली होती. अर्जुनी-मोरगावकडच्या बंगाली वस्तीतली पोर. रुखमिणीच्या लेकानं, वीरेंद्रनं पसंत करून दिघोरीला आणलेली. मासळी रांधावी तर माझ्या सुनेनंच, असं रुखमिणी गावभर सांगत फिरायची.

वाटलेल्या पिठात मूठ बुडवून मिनती गल्लीपासून देवघरापर्यंत इवली इवली पावलं उमटवू लागली. मुठीची कड टेकवायची, वर बोटानं ठिपके द्यायचे.

"हे काय वो?"

"आज लक्ष्मी येते, मा. तिले वाट दिसाले पायजे ना."

रुखमिणी हसली. पावलं आपल्याकडेही काढतात, पण महालक्ष्म्यांना. कोजागिरीला इथं नुसतं दूध आटवतात. असो बाप्पा, लक्ष्मी येते तर नको कोण म्हणणार!

शेजारच्या चंद्रकांताची लेक राखी तापानं फणफणत होती. "काकू, लाखांदूरच्या दवाखान्यात न्या," असं मिनतीनं सकाळीच म्हटलं होतं. पण रुखमिणी पडली मोठी जाणती. "आधी नत्थूकडून झाडून घे. बाहेरचं असन त डॉक्टर का करन?" दारावर 'बंगाली विद्या' अशी पाटी रंगवलेल्या नत्थूनं अंगारा लावला, दोरा बांधला आणि पोरीला उंबऱ्याबाहेर काढू नका म्हणून बजावलं. संध्याकाळी मिनतीनं पूजेला शंख फुंकला, माहेरच्या रीतीनं जीभ हलवून उलूउलू केलं. त्याच रात्री राखी गेली. एवढीशी पोर हो, दुधाचे दातही पुरते पडले नव्हते.

सकाळी मयतीला जमलेल्या बायांना गल्लीत ती पावलं दिसली. राखीच्या मापाची. सारी रुखमिणीच्या घरात जाणारी, बाहेर येणारं एकही नाही.

"आवाज देऊन ओढलं हिनं पोट्टीले," कुणीतरी पुटपुटलं. दुपारपर्यंत सारं गाव तेच बोलू लागलं.

रुखमिणीनं अंगण शेणानं सारवलं. वाळल्यावर पावलं पुन्हा पांढुरकी वर आली. पुन्हा सारवलं, पुन्हा तेच! खोटं कशाला बोला, तिची स्वतःचीच पाचावर धारण बसली. सुनेच्या हातचा चहा ती गुपचूप मोरीत ओतू लागली. घरात चालताना त्या पावलांवर पाय पडू देईना. जरा डोळा लागला की राखी दारात उभी राहून "आजी" म्हणायची. मिनती माहेरी फोन लावून बंगालीत हळूच रडायची, आणि शेजाऱ्यांना त्यातही मंतर ऐकू यायचे.

राखीचं दिवसकार्य आटोपलं आणि नत्थू माणसं घेऊन अंगणात आला. वीरेंद्र धान कापायला गेला होता.

"सुनेले बाहेर काढ, रुखमाबाई. मारुतीपुढं नेऊन कबूल करवतो."

नेणं म्हणजे काय, ते रुखमिणीला ठाऊक होतं. तिच्या लहानपणी एका विधवेला असंच नेलं होतं. ती बाई परत आली, पण मरेपर्यंत कुणाशी बोलली नाही.

मिनतीनं मागून सासूच्या पदराचा काठ धरला. या पोरीला भ्यालो आपण! रुखमिणीला स्वतःची लाज वाटली.

"कोनाले नेतं रे मुडद्या?" ती कडाडली. "तुया पाटीवर बंगाली लिवलं, थे विद्या, आन माही सून बंगाली, म्हून थे करनी? हात लावून त पाह्य. कायदा हाये आता, पोलिसात देईन तुले!"

नत्थू गुरगुरला, पण त्याच्या मागची माणसं चुळबुळू लागली. तेवढ्यात गर्दीतून चंद्रकांता पुढं आली. केस सुटलेले, डोळे कोरडे.

"मंग माही राखी कायनं मेली, बाई? सांग ना."

देवाची मर्जी, हे शब्द रुखमिणीच्या ओठावर आले होते. तेवढं म्हटलं असतं तर सगळेच सुटले असते.

"तापानं मेली, चंद्रकांता. हे पोरगी दवाखान्यात न्या म्हने. म्या म्हटलं, आधी झाडून घे. आपुनच मारलं वो तिले. म्या, तू आन ह्या नत्थूनं."

नत्थू कधी सटकला ते कळलंही नाही. चंद्रकांता होती तिथंच मातीत बसली.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "पन हिनं खाल्ली म्हटलं का मले झोप लागे."