शुद्ध भाषेचा कायदा

मित्रांनो, मला नुसतं उचललंत तरी मी किणकिणते. सवयच आहे माझी. मी पितळेची हातघंटा. उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत माझा मुक्काम.

ओताऱ्याने मला घडवले आणि औरंगपुऱ्यातल्या भांड्यांच्या दुकानातून शाळेने मला आणले. शिपाई सखाराममामांच्या हातात माझी उमेदीची वर्षे गेली. मधल्या सुट्टीला मी वाजले की मुले आनंदाने ओरडत. पुढे विजेची घंटा आली, मामाही निवृत्त झाले. मी प्रयोगशाळेच्या कपाटात, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी पडून राहिले.

नागरिकशास्त्राच्या सुलेखाबाईंना मी सापडले. त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केले आणि म्हणाल्या, "चल, आता लोकसभेत बसायचं!" तेव्हापासून दरवर्षी नववीच्या अभिरूप संसदेत मी अध्यक्षांच्या टेबलावर असते.

यंदा पंतप्रधान होता शिवराज. बोलका, हुशार, आणि बहुमत त्याच्याच पक्षाचे. अध्यक्ष प्रेरणा. विरोधी बाकावर सोनिया होती. ती रोज गंगापूरहून एसटीने यायची. पहिल्याच दिवशी ती उभी राहिली, "अध्यक्ष महोदया, आमच्याकडं पाण्याचे लई हाल हायेत..."

वर्ग खो-खो हसला. प्रेरणाने मला जोरात वाजवले, तरी हसू थांबेना.

दुसऱ्या दिवशी शिवराजने गमतीगमतीत विधेयक आणले. 'लई', 'व्हय', 'नाय' म्हणणाऱ्याला कुठल्याही सभेत बोलायला बंदी! भराभर हात वर झाले. विधेयक मंजूर. प्रेरणाचा चेहरा उतरला होता, पण बहुमतापुढे तिला मला वाजवावेच लागले. मित्रांनो, माझाच आवाज मला इतका कधी बोचला नव्हता.

सोनिया त्यानंतर बोलेनाशी झाली. संसदेतच नव्हे, मराठीच्या तासालासुद्धा.

सुलेखाबाईंनी ते हेरले. त्या तिच्या बाकाशी जाऊन म्हणाल्या, "संसदेनं कायदा केला, म्हणजे सगळं संपलं असं नसतं, बाळा. न्यायालय आहे की. पण दार तुलाच वाजवावं लागेल."

सोनियाने तक्रार लिहून दिली आणि दहावीतली तीन मुले न्यायाधीश झाली. सम्यक सरन्यायाधीश. मलाही त्या न्यायालयात नेले होते.

"माझी आई असंच बोलती, साहेब," सोनिया म्हणाली. "मीबी तिच्याकडूनच बोलायला शिकले. मग हा गुन्हा कसा काय झाला?"

शिवराज उठला. "लोकांनी आम्हाला निवडून दिलंय. संसद कुठलाही कायदा करू शकते!"

"रेल्वे, टपाल, सैन्य, कर, यांवर खुशाल कायदे कर," सम्यक म्हणाला. "पण बोलण्याचं स्वातंत्र्य हा मूलभूत हक्क आहे. तो असा हिरावून घ्यायचा अधिकार संसदेला नाही. हा कायदा रद्द."

"मग आम्ही घटनाच बदलतो! दोन तृतीयांशाच्या वर आहोत आम्ही."

"दुरुस्ती जरूर करता येते," सम्यक हसला. "घराला नवी खिडकी पाड ना. पण पायाच खणायला निघालास तर कसं चालेल? घटनेची मूळ चौकट बहुमतालाही मोडता येत नाही. आणि शिवराज, उद्या तूही विरोधी बाकावर असशील. तेव्हा तुला कोण सांभाळणार?"

शिवराज हळूच खाली बसला.

पुढच्या बैठकीला सोनिया पुन्हा उभी राहिली. टँकरची वाट बघणाऱ्या बायका, शाळा बुडवून हंडे भरणाऱ्या मुली, सारे तिने आपल्याच बोलीत सांगितले. वर्ग गप्प ऐकत होता. तिची वेळ संपली. प्रेरणाने नाइलाजाने मला उचलले, तेवढ्यात शिवराज उभा राहिला.

"अध्यक्ष महोदया, आमच्या पक्षाची वेळ त्यांना द्यावी."

प्रेरणाने तळहाताने माझ्या पोटातली लोंबती जीभ धरली आणि आवाज न करता मला खाली ठेवले. सोनिया बोलत राहिली.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या खऱ्या संसदेत जातील. तिथे तुमच्या बाजूने पुष्कळ हात असतील. हात वर करण्यापूर्वी एकदा समोरच्या बाकाकडे नीट बघा. तिथे कुणी आपले म्हणणे मांडत असेल, तर त्याला सांभाळा. तेवढा वेळ मी गप्प बसेन. मला त्यातच आनंद आहे.